अनंत, शून्य आणि बिडाचा तवा

मी मराठीचा प्राध्यापक. जुन्या पोथीतला मूळ पाठ कोणता आणि लेखनिकाला डुलकी लागल्यामुळे शिरलेला कोणता, यावर मला तासभर बोलायला सांगितले तर मी दोन तास बोलेन. परंतु यंत्राशी माझा संबंध सायकलच्या चेनपलीकडे कधी गेलेला नव्हता. त्यामुळे गेल्या वर्षी फाल्गुनातल्या एका रविवारी मी अठरा किलो वजनाचे एक लोखंडी धूड रिक्षात घालून घरी आणले, तेव्हा आमच्या हिने विचारलेला प्रश्न अगदी वाजवी होता.

"अहो, हे काय आहे?"

"सूक्ष्मदर्शक यंत्र."

"मग ते असं उलटं का?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. दुसरा प्रश्न किमतीचा होता. त्याचे उत्तर देता येत होते, पण द्यावेसे वाटले नाही. नव्या मिक्सरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले साडेचार हजार मी जुन्या बाजारात मोजून आलो होतो. आपला पुण्याचा जुना बाजार बुधवारी नि रविवारी भरतो. मी तिथे जातो तो रद्दीत एखादी पोथी मिळते का ते पाहायला. त्या दिवशी एका मोडीवाल्यापुढे, पंख्यांच्या पात्यांशेजारी, हे यंत्र पडलेले होते. "सिनेमाचं मशीन आहे साहेब," तो म्हणाला. "नाही गेलं तर संध्याकाळी फोडून पितळ वेगळं करणार." या 'फोडून' शब्दाने माझा घात केला. पोथी म्हणा, यंत्र म्हणा, फुटणार असे ऐकले की मला राहवत नाही.

शाळेतले सूक्ष्मदर्शक सर्वांनी पाहिलेले असते. वर डोळा लावायची नळी, तिच्या टोकाला भिंगे, त्याखाली काचपट्टी ठेवायचा मंच आणि सर्वांत खाली आरसा किंवा दिवा. माझ्या यंत्रात ही उतरंड पालथी होती. मंच पाटासारखा सर्वांत वर. त्याला मधोमध एक भोक. त्या भोकातून वर टक लावून बसलेली भिंगे खाली. आणि डोळा लावायची नळी बाजूला तिरपी. म्हणजे वस्तूकडे आपण पाहायचे ते खालून. पलंगाखाली शिरून वर पाहावे तसे.

घरी आणल्यावर मी पहिली गोष्ट केली ती कुणीही करू नये. बाजूचे झाकण काढले, तर आत एक लहानसा तिरपा आरसा दिसला. त्यावर धूळ होती. मी रुमाल ओला केला आणि आरसा पुसला. रुमाल काळा झाला नि आरशाची चमक रुमालात आली! आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे सहकारी दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, तुमच्या दाढीच्या आरशाचा मुलामा काचेमागे असतो. अशा यंत्रांत तो काचेच्या पुढच्या अंगावर असतो, उघडा. त्याला फुंकर मारायची, फार तर मऊ कुंचला फिरवायचा. रुमाल कसला लावता!" त्यांनीच पुढे एका मोडक्या स्कॅनरमधून तसल्याच पुढच्या मुलाम्याच्या आरशाची पट्टी काढून कापून दिली. ती बसवली. पण पन्नास-साठ वर्षे टिकलेली एक वस्तू माझ्या अर्ध्या मिनिटाच्या स्वच्छतेने गेली, ही रुखरुख अजून आहे.

दुसरी गोष्ट मात्र शहाणपणाची केली. फोकसचा गुंडा फिरत नव्हता. तो मी पकडीने पिळला नाही. जुने वंगण वर्षानुवर्षांत वाळून लाखेसारखे घट्ट होते. ओळखीच्या घड्याळजींनी एक-एक थेंब पेट्रोल सोडून दोन दिवसांत तो सैल केला, जुने वंगण पुसले आणि नवे, अगदी बोटाला लागेल एवढेच लावले. भिंगांच्या कडांना बुरशीचे जाळे होते, तेही त्यांनीच काढले. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांचा खरा शत्रू ही बुरशी. आता पावसाळ्यात माझी भिंगे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात. तो डबा पूर्वी रव्याचा होता. या विषयावर अधिक लिहीत नाही.

यंत्र हलू लागले. पण ते कोणाचे, कधीचे आणि कशासाठी केलेले? नावाची पट्टी गेलेली होती. तिची दोन स्क्रूंची भोके तेवढी शिल्लक होती. आणि इथे मला एकदम घरच्यासारखे वाटू लागले. कारण शेवटचे पान हरवलेली पोथी हा तर माझा धंदा! पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, शक लिहितो. ते पान गेले, तर आपण कागद पाहतो, शाई पाहतो, अक्षराचे वळण पाहतो, एखादा शब्द त्या काळी होता का ते पाहतो. मी म्हटले, यंत्राचीही पाठचिकित्सा करून पाहू.

पहिला पुरावा रंगाचा. साधारणपणे दुसऱ्या महायुद्धापूर्वीची यंत्रे काळ्या रोगणाची आणि पितळेची. त्यानंतर हळूहळू करडा रंग आला. माझे यंत्र करडे होते. दुसरा पुरावा भिंगांच्या चकाकीचा. भिंग तिरपे धरले की त्यावर जांभळट-निळसर झाक दिसे. काचेवरून प्रकाश परत फिरून वाया जाऊ नये म्हणून भिंगावर अतिशय पातळ लेप चढवण्याची युक्ती त्साइस कारखान्यातल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधली, आणि ती सर्रास झाली ती युद्धानंतर. म्हणजे भिंगे युद्धानंतरची. तिसरा पुरावा अभावाचा. हल्लीच्या भिंगांना किती पट मोठे दिसेल ते सांगणारी रंगीत कडी असतात: चार पटींना तांबडे, दहाला पिवळे, चाळीसला निळे. माझ्या भिंगांना कडी नव्हती. म्हणजे फार अलीकडची नव्हेत. आणि बाह्य पुरावा म्हणाल, तर बुडाच्या पत्र्यावर कुणा भांडारपालाने पांढऱ्या रंगाने आपला क्रमांक टाकला होता, तिरप्या रेघेपुढे ६८. ते साल असणार. हिशेब जमला: साधारण १९५० नंतरचे आणि १९६८ च्या आतले.

दोन भिंगांवर 'जेना' हे गावाचे नाव कोरलेले होते. जर्मनीतल्या या गावात कार्ल त्साइस यांनी १८४६ साली आपले छोटे दुकान थाटले. त्याचा पुढे एवढा कारखाना झाला, की १९४५ साली युद्ध संपताना अमेरिकन सैन्याने तिथली निवडक तज्ज्ञ मंडळी आपल्याबरोबर पश्चिमेकडे नेली. मागे जेना राहिले रशियनांच्या वाट्याला. मग पश्चिमेत ओबरकोखेनला एक त्साइस, पूर्वेत जेनाला दुसरा, आणि नाव कोणाचे यावर कोर्टकचेऱ्या. आपल्याकडे भाऊबंदकीत वाड्याची मधली भिंत घालतात, तशातलाच प्रकार. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या, तेव्हा ही घरेही पुन्हा एक झाली.

तिसरे भिंग मात्र वेगळ्याच हातचे होते. लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने एकोणिसाव्या शतकातच भिंगांच्या आट्यांचे एक माप ठरवून दिले, त्यामुळे एका कारखान्याचे भिंग दुसऱ्याच्या यंत्रात सहज बसते. ही सोय आहे तशी फसवणूकही. आटे जुळले म्हणजे भिंग जुळले असे नव्हे. कुणा मधल्या मालकाने हरवलेल्या भिंगाच्या जागी हाताला लागले ते बसवून दिले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर ती ओवी प्रक्षिप्त!

ते मला कळले आकड्यांवरून. प्रत्येक भिंगावर बारीक आकडे कोरलेले असतात. त्या परक्या भिंगावर १६० आणि ०.१७ असे होते. पहिला आकडा नळीची लांबी मिलिमीटरमध्ये, दुसरा वस्तूवर झाकायच्या काचेची जाडी. सरळ व्यवहार. परंतु जेनाच्या भिंगांवर काय असावे? आधी आडवा पडलेला आठ, मग तिरपी रेघ आणि मग शून्य. आडवा आठ म्हणजे अनंत. अनंत आणि शून्य! मी वर्गात संतवाङ्मय शिकवतो. क्षणभर मला वाटले, कारखान्यात कुणी वेदान्ती कारागीर होता की काय.

त्या वेदान्ताचा अर्थ लागेपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता. कन्येने आपल्या डब्यात पाषाण तलावाचे पाणी आणून दिले होते. (डब्याबद्दल घरात वेगळी चर्चा झाली.) काचेच्या बशीत ते पाणी मंचावर ठेवले, दिवा लावला आणि नळीला डोळा लावला. आत पांढरा झगमगाट. जीव नाही, जंतू नाही. तीन रात्री मी त्या झगमगाटाकडे पाहत बसलो. चौथ्या दिवशी आमची ही म्हणाली, "मिक्सरमध्ये निदान चटणी तरी दिसली असती."

शेवटी मी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावले. ते ओतशाळेच्या, म्हणजे फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत उमेद घालवून निवृत्त झालेले. त्यांनी नावाची पट्टी शोधली नाही, आकडेही वाचले नाहीत. मंचावरून तळहात फिरवला, मागे आडव्या बसवलेल्या दिव्याकडे पाहिले आणि हसले.

"सर, हे तुमचं नव्हे. हे आमचं. याला पाणी कसलं दाखवता? याला लोखंड दाखवा."

मग त्यांनी मला समजावले ते असे. उलट्या सूक्ष्मदर्शकांची दोन घराणी आहेत. मूळ कल्पना जे. लॉरेन्स स्मिथ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची, १८५० सालची. रसायनांच्या वाफांनी वरचे भिंग खराब होते म्हणून त्याने भिंग खाली नेले. पुढे जीवशास्त्रवाल्यांनी ती उचलली. पाण्यातले सूक्ष्म जीव तळाशी बसतात. मग तळाकडूनच पाहावे, नाही का? जर्मन शास्त्रज्ञ उटरमोल यांनी १९३१ साली पाण्यातल्या तरंगत्या जीवांची मोजदाद करण्याची रीत यावरच बसवली. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतल्या पेशी शरीराबाहेर वाढत राहिल्या आणि पेशी वाढवणे हे प्रयोगशाळांचे रोजचे काम होऊन बसले. त्या पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात, तेव्हा त्यांना पाहायचे तर खालूनच. या घराण्याच्या यंत्रात दिवा वर असतो, मंचाच्या डोक्यावर, एका दांड्यावर. प्रकाश पाण्यातून खाली उतरतो.

दुसरे घराणे धातूंचे. धातूतून प्रकाश आरपार जात नाही. म्हणून इथे दिव्याचा प्रकाश एका तिरप्या काचेवरून वळवून त्याच भिंगातून वर पाठवतात. तो धातूवर आपटून त्याच वाटेने परत येतो आणि मग डोळ्यात. मंचाच्या वर काहीच नाही, ना दिवा ना दांडा. जुने उलटे यंत्र हाती आले तर पहिला प्रश्न हाच विचारावा: याचा उजेड येतो कुठून? मी रंग तपासला, लेप तपासला, आकडे तपासले आणि नेमके हेच विचारायला विसरलो.

आणि अनंत-शून्याचा उलगडाही झाला. अनंत म्हणजे या भिंगातून किरण समांतर निघतात, त्यांची प्रतिमा यंत्रातले पुढचे एक भिंग करते. म्हणूनच १६० वाले परके भिंग इथे निरुपयोगी. आणि शून्य म्हणजे वस्तूवर झाकायची काच मुळीच नाही. धातूवर कोण काच झाकतो?

तलावाचे पाणी मी अगदी सोडून दिले असे नव्हे. दिवाणखान्यातला टेबललॅम्प बशीवर धरला, आतला दिवा बंद केला, आणि दहा पटींच्या भिंगातून पहिल्यांदा व्हॉर्टिसेला दिसला. देठावरची इवली घंटा. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून घेणारी. कन्या किंचाळलीच. परंतु चाळीस पटींचे भिंग काही जमेना. बशीचा तळ जाड. भिंग त्याला टेकते तरी वस्तू लांबच राहते. त्यावर इलाज म्हणून प्लास्टिकच्या बशीच्या तळाला भोक पाडून तिथे ०.१७ मिलिमीटरची पातळ काच चिकटवली. चित्र आले, पण धुकटच. शून्य म्हणून ज्यावर कोरले आहे त्याला ०.१७ सुद्धा खपत नाही. यंत्राचा स्वभाव तो!

"याला लोखंड दाखवा," काका म्हणाले होते. लोखंड कुठले आणायचे? आणि मला माळ्यावरच्या तव्याची आठवण झाली.

हा तवा बिडाचा. आईच्या माहेरचा, चिपळूणकडचा. तिने लग्नात आणला आणि त्यावर आम्हांला घावने करून वाढली. आमच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तो आमच्या हिच्या हातून फरशीवर पडला. वास्तविक पाहता कंबरेएवढ्या उंचीवरूनसुद्धा नव्हे. आणि त्याचे तीन तुकडे झाले. आई काही बोलली नाही. आईचे न बोलणे काय असते ते ज्यांना आई आहे त्यांना सांगायला नको. तिने तुकडे जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले, आणि त्या दिवसापासून घरात घावने होत नाहीत. हिने एकदा नॉनस्टिकच्या तव्यावर केली होती. आईने "मला आज भूक नाही" म्हटले. तेव्हापासून हिनेही तो नाद सोडला. लोखंडी वस्तू एवढ्याशा पडण्याने फुटते कशी, हाताने आपटल्याशिवाय? हे वाक्य घरात कुणी कधी उच्चारले नाही. ते नुसते वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात उभे होते.

मी सर्वांत लहान तुकडा खाली आणला तेव्हा आईने पाहिले. विचारले मात्र नाही.

तुकडा घासायला तीन संध्याकाळी लागल्या. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवायचा, पाणी सोडायचे आणि एकाच दिशेने घासायचे. आधी २२० नंबर, मग ४००, ६००, १०००, २०००. प्रत्येक नव्या कागदावर तुकडा काटकोनात वळवायचा आणि आधीचे ओरखडे संपूर्ण जाईपर्यंत थांबायचे नाही. काका शेजारी बसून "अजून, सर, अजून" म्हणत. शेवटी मखमलीवर ॲल्युमिनाच्या पांढऱ्या भुकटीचा हात. मग धुऊन, स्पिरिट लावून लगेच वाळवायचे. नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो. तुकड्याला आपला चेहरा दिसू लागला, की काम झाले. आणि इथे उलटेपणाची खरी गंमत कळते. सरळ यंत्रात हा वेडावाकडा तुकडा नेमका सपाट बसवायला मेणाचा खटाटोप करावा लागला असता. इथे घासलेली बाजू खाली करून मंचावर पालथा ठेवला, संपले. वरचे अंग कसेही असो.

दहाचे भिंग, दहाचीच नेत्रिका, शंभर पट. मी डोळा लावला आणि उडालोच. पांढऱ्या शुभ्र भूमीवर काळी, वळणदार, एकमेकींत अडकलेली अक्षरे. साक्षात मोडी! शब्द लागत नव्हता, पण हात कुणाचा तरी सराईत होता.

"ग्रॅफाइट," काका म्हणाले. "बिडात शेकडा तीन-साडेतीन भाग कार्बन असतो. रस सावकाश गार होताना तो सगळाच लोखंडात राहत नाही, असा पापुद्र्यांनी बाहेर पडतो. पापुद्र्याला बळ काहीच नाही. म्हणजे यातली प्रत्येक काळी रेघ ही एक तयार चीर समजा. वस्तूला धक्का बसला, की तडा या चिरेवरून त्या चिरेवर उड्या मारत जातो. पोलादासारखं हे वाकत नाही, फुटतं."

काकांच्या बोलण्याला आता रंग चढला होता. हेच पापुद्रे कंप गिळतात, म्हणून यंत्रांची बैठक बिडाची करतात. १९४० च्या दशकात मॅग्नेशियम घालून या पापुद्र्यांचे गोल मणी करण्याची युक्ती निघाली. कार्बन तोच, पण मण्यांवरून तडा धावत नाही. पुढे एकदा रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत तुकड्याला नत्राम्लमिश्रित अल्कोहोलचा हलका हात दिला (हे घरी करण्यासारखे काम नव्हे), तेव्हा चाळीसच्या भिंगातून काही जागी शिंपल्याच्या आतल्या अंगासारख्या बारीक पट्ट्याही दिसल्या. शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात पोलाद असेच घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्या घटकाला मोत्यासारखी झाक दिसली, म्हणून पुढे त्याचे नाव पर्लाइट पडले. पण ते नंतरचे.

त्या संध्याकाळी आई दारात येऊन उभी होती, ते मला काका "या वहिनी" म्हणाले तेव्हा कळले. मी खुर्ची सरकवली. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. एक डोळा मिटून तिने नळीला दुसरा लावला.

"केस पडलेत रे यात," ती म्हणाली.

"केस नव्हेत वहिनी, त्या चिरा म्हणा," काका म्हणाले. त्यांना आमच्या घरचा इतिहास ठाऊक नव्हता. "ओतला त्या दिवसापासूनच्या. बिडाची जातच ती."

आई बराच वेळ पाहत होती. मी फोकसचा गुंडा कसा फिरवायचा ते दाखवले. तो तिने दोनदा इकडे-तिकडे फिरवला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"माझ्या हातून पडला असता तरी फुटलाच असता म्हणायचा," ती म्हणाली. कुणाला ते कळले नाही.

मग उठली आणि आत गेली. मला तिचा आवाज तेवढा ऐकू आला.

"अगं, तांदूळ आहेत ना घरात? भिजत घाल. सकाळी घावने कर. तुझ्या त्या नॉनस्टिकवर केलीस तरी चालतील."

तुकडा आता रव्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांत, भिंगांशेजारी असतो. बिडाला गंज फार लवकर चढतो.